बॅग भरण्याचे शास्त्र आणि शिस्त

कोल्हार (प्रतिनिधी) : प्रवासाची तारीख ठरते, तिकिटे हाती येतात, घरात उत्साहाचे वातावरण असते. मात्र बॅग भरण्याचे काम बहुतेक घरांत आदल्या रात्रीवर ढकलले जाते. मग दिसेल ते बॅगेत जाते, झिप लागत नाही म्हणून घरातील एखादे मूल बॅगेवर बसते आणि ऐनवेळी दोन जादा पिशव्या तयार होतात. त्या पिशव्यांचा भार पुढे प्रत्येक बसथांब्यावर, रेल्वेच्या प्रत्येक जिन्यावर आणि विमानतळाच्या काउंटरवर जाणवतो. कोठे जादा पैसे मोजावे लागतात, कोठे वस्तू टाकून द्याव्या लागतात, तर कोठे एखाद्या ज्येष्ठाची पाठ धरते. थोडा विचार आणि थोडी शिस्त यांच्या आधारे हे सर्व टाळता येते.

प्रवरा नदीच्या काठी, नगर-मनमाड मार्गावर वसलेल्या कोल्हारसारख्या गावाला हा विषय आता अधिक जवळचा झाला आहे. गावातून दक्षिणेला राहुरी व अहिल्यानगर, तर उत्तरेला बाभळेश्वर, राहाता आणि शिर्डी अशी सतत वर्दळ असते. भगवतीमातेच्या दर्शनाला येणारे भाविक, लोणी-प्रवरानगर येथील महाविद्यालयांत शिकून नोकरीसाठी बाहेर पडणारे तरुण आणि परदेशातील मुलांकडे जाणारे आई-वडील असे सर्व प्रकारचे प्रवासी येथे भेटतात. काकडी येथील शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. मुंबई-साईनगर शिर्डी वंदे भारत एक्स्प्रेस १० फेब्रुवारी २०२३ पासून धावू लागली. त्यामुळे एकाच प्रवासात एसटी, रेल्वे आणि विमान अशा तिन्ही साधनांचा वापर होऊ लागला आहे. या तिन्हींचे सामानाचे नियम वेगवेगळे आहेत, आणि बॅग मात्र एकच असते.

वळकटीपासून ट्रॉलीपर्यंत

१ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर या शहरांदरम्यान पहिली एसटी धावली. त्या काळात प्रवासाला निघणे म्हणजे पत्र्याची ट्रंक, दोरीने बांधलेली वळकटी, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि शिदोरीचे गाठोडे असा सारा संसार सोबत नेणे होते. मुक्कामी अंथरूण मिळेल याची खात्री नसे आणि सामान उचलायला हमाल सहज मिळत असे. पुढे ट्रंकेची जागा होल्डॉल आणि चामडी बॅगेने घेतली. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या व्हीआयपी कंपनीच्या कडक सूटकेस मध्यमवर्गीय घरांत पोहोचल्या आणि लग्नाच्या रुखवतातही त्यांना मानाचे स्थान मिळाले.

सूटकेसला चाके लावण्याच्या कल्पनेचे पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळाले. आज सर्वत्र दिसणारी उभी, लांब दांडीची दोनचाकी बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने तयार केली. चाकांमुळे सोय झाली, पण वजनाचा अंदाज सुटला. ओढताना हलकी वाटणारी पंचवीस किलोंची बॅग एसटीच्या पायऱ्या चढवताना खरे वजन दाखवते. म्हणून पहिला नियम असा, की आपली बॅग आपल्याला एकट्याने तीन पायऱ्या चढवता आली पाहिजे. ते जमत नसेल, तर ती बॅग आपल्यासाठी जड आहे, मग नियमपुस्तक काहीही सांगो.

बॅग निवडताना

रिकाम्या बॅगेचे वजन प्रथम पाहावे. मोठी कडक बॅग रिकामी असतानाच चार ते पाच किलोंची असते. विमानात पंधरा किलोंची मर्यादा असेल, तर त्यातील तिसरा हिस्सा बॅगेनेच खाल्ला, असे होते. कापडी बॅग तुलनेने हलकी असते आणि बाहेरच्या कप्प्यांमुळे सोयीची ठरते. मात्र पावसाळ्यात ती भिजते. कडक बॅग नाजूक वस्तूंचे रक्षण करते, पण तिच्यात ठरल्यापेक्षा अधिक काही कोंबता येत नाही. चारचाकी बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर उत्तम चालते. खडबडीत रस्त्यावर आणि मुरूम टाकलेल्या बसस्थानकात मोठ्या चाकांची दोनचाकी बॅग अधिक टिकते. डोंगराळ भागात जायचे असेल, तर पाठीवरची सॅकच बरी.

कुटुंबासाठी एक अवाढव्य बॅग घेण्यापेक्षा दोन मध्यम बॅगा घ्याव्यात. महामार्गावरील थांब्यावर एसटी काही क्षणच थांबते. अशा वेळी प्रत्येकाने आपले सामान उचलले, तर धावपळ होत नाही.

आधी यादी, मग कपडे

बॅग भरण्याची सुरुवात कागद-पेन्सिलीने करावी. किती दिवस, कोणते हवामान, कपडे धुण्याची सोय आहे का, कोणता समारंभ आहे आणि प्रवासाचे साधन कोणते, या पाच प्रश्नांची उत्तरे लिहिली की निम्मे काम होते. दिवस आठ असले तरी कपड्यांचे जोड आठ लागत नाहीत. मध्ये एकदा धुण्याची सोय असेल, तर अंगातला धरून वरचे पाच कपडे, खालचे तीन, आतले सहा जोड आणि झोपण्याचे दोन जोड सहसा पुरतात. रंग असे निवडावेत, की कोणताही सदरा कोणत्याही पॅंटवर, कोणताही कुर्ता कोणत्याही सलवारीवर चालेल. एखादा कपडा एकाच जोडीत वापरता येत असेल, तर तो समारंभासाठीच न्यावा.

थंड प्रदेशात जाताना एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर उपयोगी पडतात. केदारनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८३ मीटर उंचीवर आहे. तेथे यात्रेच्या ऐन हंगामातही कडाक्याची थंडी आणि अचानक पाऊस असतो, तर हरिद्वारला त्याच दिवशी उकाडा असतो. आत लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट असे तीन थर असले, की दोन्ही ठिकाणी निभावते. जाकीट आणि जड बूट प्रवासात अंगावरच घालावेत. त्यामुळे बॅगेतील मोठी जागा वाचते.

यादीप्रमाणे सर्व वस्तू आदल्या दिवशी पलंगावर मांडाव्यात. त्यानंतर प्रत्येक वस्तूसमोर थांबून ‘ही नसली तर काय अडेल?’ असे विचारावे. ‘असू दे, लागेल कदाचित’ हे उत्तर आले, की ती वस्तू कपाटात परत ठेवावी. औषधे आणि कागदपत्रे सोडली, तर जवळपास सर्व वस्तू गावोगावी विकत मिळतात.

घडी की गुंडाळी?

टी-शर्ट, सलवार, जीन्स, टॉवेल, मुलांचे कपडे यांची घट्ट गुंडाळी करावी. हवा बाहेर निघते, गुंडाळ्या शेजारी शेजारी बसतात आणि हवा तो कपडा इतरांना न हलवता काढता येतो. कडक इस्त्रीचे सदरे, कोट, खळ दिलेले सुती कपडे मात्र गुंडाळू नयेत. ते सपाट घडीने सर्वांत वर ठेवावेत. सदऱ्याची कॉलर मोडू नये म्हणून आत मोज्यांची गुंडाळी ठेवावी.

भरताना पुढील क्रम ठेवावा.

१. बॅग उभी केली असता चाकांकडे जी बाजू येते, तेथे जड वस्तू ठेवाव्यात. बूट, चार्जर, पुस्तके, फराळाचे डबे या बाजूला आले, की बॅग पुढे कलंडत नाही आणि ओढताना मनगटावर ताण येत नाही.

२. बुटांच्या आत मोजे, रुमाल, लहान डब्या भराव्यात आणि बूट कापडी पिशवीत घालावेत.

३. मध्यभागी गुंडाळ्या लावाव्यात. कडेच्या फटींत आतले कपडे आणि कमरपट्टा सरकवावा. कमरपट्टा गुंडाळण्यापेक्षा बॅगेच्या कडेने फिरवला, तर जागा कमी लागते.

४. काच किंवा नाजूक वस्तू कपड्यांच्या मध्ये, चारी बाजूंनी आधार मिळेल अशा ठेवाव्यात.

५. सर्वांत वर घडीचे कपडे आणि पोहोचल्याबरोबर लागणारा एक जोड ठेवावा.

तेल, शाम्पू यांच्या बाटलीचे झाकण काढून तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा, पुन्हा झाकण लावावे आणि बाटली वेगळ्या पिशवीत घालावी. बाटली काठोकाठ भरू नये. विमानात हवेचा दाब बदलल्याने द्रव बाहेर येतो आणि सारे कपडे तेलकट होतात.

हवा काढून घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या अलीकडे लोकप्रिय आहेत. स्वेटर आणि रजईसाठी त्या चांगल्या, पण त्यांच्यामुळे आकारमान कमी होते, वजन नाही. रिकामी जागा दिसली की आपण आणखी वस्तू भरतो आणि मर्यादा ओलांडली जाते.

साडीची वेगळी निगा

लग्नकार्यासाठी निघालेल्या कुटुंबाच्या बॅगेत सर्वाधिक जागा साड्यांची असते. सिंथेटिक साडी निश्चिंतपणे गुंडाळावी, तिला फारशा सुरकुत्या पडत नाहीत. सुती साडी सपाट ठेवावी. पैठणी किंवा अन्य जरीची साडी स्वच्छ मलमलच्या कापडात गुंडाळून वेगळी ठेवावी. तिच्यावर थेट अत्तर, डांबरगोळ्या किंवा धातूच्या वस्तू येऊ देऊ नयेत. जरीवर जुन्याच घडीची रेघ पुन्हा येऊ नये म्हणून निघण्यापूर्वी घडी बदलावी. साडी, परकर आणि ब्लाउज एकाच पिशवीत ठेवले, तर कार्यालयात ऐनवेळी होणारी शोधाशोध टळते. घरातील ज्येष्ठ स्त्री नऊवारी नेसत असेल, तर तिच्या साड्या एकाच बॅगेत न घालता दोन बॅगांत विभागाव्यात. नऊवारीला कापड अधिक लागते, त्यामुळे वजनही लक्षणीय होते.

वजनाचे गणित

रेल्वेत सामान मोफत नेण्याची मर्यादा वर्गानुसार ठरलेली आहे. वातानुकूलित प्रथम वर्गासाठी ७० किलो, वातानुकूलित द्वितीय श्रेणीसाठी ५० किलो, वातानुकूलित तृतीय श्रेणी, चेअर कार आणि शयनयान यांसाठी ४० किलो, तर द्वितीय वर्गासाठी ३५ किलो अशी ती आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना याच्या निम्मी सवलत मिळते. बॅग १०० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच या मापात असावी. त्याहून मोठे सामान पार्सल कार्यालयात नोंदवून ब्रेकव्हॅनमधून पाठवावे लागते. नोंदणी न करता जादा सामान नेल्यास दंडाच्या दराने आकारणी होते.

देशांतर्गत विमानप्रवासात इकॉनॉमी वर्गाच्या साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलोंचे सामान काउंटरवर स्वीकारतात आणि ७ किलोंची एक बॅग सोबत नेऊ देतात. सोबतच्या बॅगेची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ११५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात काही मार्गांवर वजनाची एकूण मर्यादा असते, तर काही मार्गांवर प्रत्येकी २३ किलोंच्या ठरावीक बॅगा नेता येतात. येथे अनेकांची फसगत होते. दोन बॅगा २३ किलोंच्या असतील, तर एक २८ आणि दुसरी १८ किलोंची चालत नाही. तसेच ३२ किलोंहून जड बॅग सामान हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी सहसा स्वीकारली जात नाही. तिकिटावरील सामानाची नोंद वाचूनच बॅग भरावी, कारण एकाच कंपनीच्या दोन तिकिटांवरही मर्यादा वेगळी असू शकते.

घरी वजन करण्यासाठी हातात धरण्याचा लहान काटा मिळतो. तो नसल्यास साध्या वजनकाट्यावर प्रथम स्वतः उभे राहावे, नंतर बॅग हातात घेऊन उभे राहावे आणि फरक काढावा. काट्याकाट्यांत फरक असतो, म्हणून मर्यादेपेक्षा एक किलो कमीच भरावे. काउंटरसमोर रांग खोळंबलेली असताना बॅग उघडून लोणच्याची बरणी आणि साड्या बाहेर काढण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

प्रसाद, फराळ आणि नियम

देवस्थानाहून परतणाऱ्या भाविकांनी एक बाब आवर्जून लक्षात ठेवावी. सुके खोबरे विमानात नेता येत नाही. त्यात तेलाचे प्रमाण मोठे असते आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याची गणना धोकादायक मालात होते. कापूर ज्वलनशील असल्याने तोही नेऊ नये. आगपेटी आणि लायटर भारतातील विमानतळांवर सोबत नेता येत नाहीत, काउंटरवर देण्याच्या बॅगेतही ते ठेवू नयेत. ओल्या नारळाबाबत कंपनीकडे आधी चौकशी करावी. पूजेच्या साहित्याची पिशवी जशीच्या तशी बॅगेत टाकण्याची सवय अनेकांना असते, ती पिशवी घरीच उघडून तपासावी.

परदेशातील मुलांसाठी चकल्या, लाडू, मसाले, लोणची नेताना अधिक दक्षता हवी. खसखस आपल्याकडे गोड्या मसाल्यात, अनारशांवर सर्रास वापरली जाते. मात्र संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे ती अमली पदार्थविषयक कायद्याखाली प्रतिबंधित आहे. आईने प्रेमाने करून दिलेल्या अनारशांमुळे मुलाची चौकशी व्हावी, ही शक्यता कोणाच्या मनातही येत नाही, म्हणूनच ती ध्यानात ठेवायला हवी. ऑस्ट्रेलियात दुधाच्या मिठाया, बियाणे, ताजी फळे यांविषयी अत्यंत कडक नियम आहेत. अमेरिकेतही सर्व खाद्यपदार्थांची माहिती अर्जात व विचारल्यावर स्पष्ट द्यावी लागते. माहिती दिल्यास फार तर पदार्थ काढून घेतला जातो, लपवल्यास दंड होतो.

लोणचे, तूप, आमरस हे पदार्थ काउंटरवर देण्याच्या बॅगेत, गळणार नाहीत अशा दुहेरी वेष्टनात ठेवावेत. आंतरराष्ट्रीय प्रवासात सोबतच्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतील द्रव चालत नाही, बाटली अर्धी रिकामी असली तरीही. लाल तिखट सोबतच्या बॅगेत ठेवू नये, तपासणीत ते अडते.

जे हातातच हवे

काउंटरवर दिलेली बॅग आपल्यासोबतच पोहोचेल, याची हमी नसते. म्हणून पासपोर्ट, तिकिटे, पैसे, दागिने, चष्मा, मोबाइल, चार्जर, शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि एक जोड कपडे सोबतच्या बॅगेत असावेत. पॉवर बँक तर काउंटरवरच्या बॅगेत ठेवण्यास बंदीच आहे, कारण सामानकक्षात बॅटरीने पेट घेतल्यास तो विझवणे कठीण असते. १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक सोबत नेता येते. बाजारात मिळणारी २०,००० एमएएच क्षमतेची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवरची असते. विमानात ती वापरण्याबाबत कंपनीच्या सूचना पाळाव्यात.

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे औषधे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक घ्यावीत आणि ती सोबतच ठेवावीत. गोळ्या मूळ पाकिटातच असाव्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडील कंपनीचे नाव परदेशातील डॉक्टरांना ओळखता येत नाही. इन्सुलिन सामानकक्षात ठेवू नये, तेथील थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते. ते थंड पिशवीत न्यावे, मात्र बर्फाला थेट चिकटवू नये. कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारख्या वेदनाशामक औषधांवर आखाती देशांत निर्बंध आहेत, तेथे जाणाऱ्यांनी आधीच परवानगीची चौकशी करावी.

मौल्यवान दागिने परदेशी नेणार असाल, तर जाताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे. परत येताना हे दागिने आपलेच आहेत, हे सिद्ध करणे त्यामुळे सोपे होते. एसटीच्या आणि रेल्वेच्या गर्दीत मात्र दागिने नेण्याचा मोह टाळलेलाच बरा.

बॅग आली नाही तर

निघण्यापूर्वी भरलेल्या आणि बंद अशा दोन्ही अवस्थांतील बॅगेचे मोबाइलवर छायाचित्र काढावे. एकसारख्या काळ्या बॅगांच्या गर्दीत आपली ओळखू यावी म्हणून मुठीला रंगीत फीत बांधावी. नाव व दूरध्वनी क्रमांक बाहेर आणि आतही लिहून ठेवावा. बाहेरची चिठ्ठी फाटू शकते. विमानतळावर बॅग मिळाली नाही, तर बाहेर पडण्यापूर्वीच कंपनीच्या कक्षात लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली असेल, तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली असेल, तर ती मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करणे मॉन्ट्रियल करारानुसार आवश्यक आहे. एकवीस दिवसांतही बॅग आली नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. बॅगेत काय होते याची यादी तेव्हा कामी येते, आणि ती आपण भरतानाच तयार केलेली असते.

निघण्यापूर्वीची तपासणी

- प्रत्येक बॅगेचे वजन केले आहे आणि ज्याची त्याला ती उचलता येते.
- औषधे, चष्मा, कागदपत्रे, पॉवर बँक सोबतच्या बॅगेत आहेत.
- खोबरे, कापूर, आगपेटी, लायटर यांपैकी काही चुकून राहिलेले नाही.
- परदेशी जाताना मसाल्यात आणि फराळात खसखस नाही.
- पासपोर्ट व तिकिटांच्या प्रती वेगळ्या बॅगेत, तसेच घरी एकाकडे ठेवल्या आहेत.
- एक घडीची रिकामी कापडी पिशवी तळाशी आहे. परतताना मळके कपडे किंवा खरेदी तिच्यात जाते.
- बॅगेचा पाचवा हिस्सा रिकामा आहे. जाताना काठोकाठ भरलेली बॅग येताना कधीच बंद होत नाही.

ही यादी एकदा वहीत उतरवून ठेवावी आणि परतल्यावर न वापरलेल्या वस्तूंपुढे खूण करावी. दोन-तीन प्रवासांनंतर आपल्या घराची स्वतःची यादी तयार होते आणि पुढच्या वेळी बॅग भरायला तासभरही लागत नाही.